नव्व्याण्णव नंबरची फाइल

मिलिंददादा वारल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांच्याच खुर्चीत बसले होते. दोन दिवसांच्या रजेवर गेलेला माणूस सोमवारी येणार, एवढंच मला माहीत होतं...

देऊळघाटहून ते रोज एसटीने बुलढाण्याला येत. खिशाला पेन, हातात डबा. बघणाऱ्याला कारकूनच वाटावेत. पण सगळ्या कॉलेजचं इंटरनेट ज्या कॉम्प्युटरवरून चालतं, तो आमचा लिनक्सचा सर्व्हर सुरू होताना कोणती फाइल आधी वाचतो, कोणती नंतर, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या हाताखाली नवी लागलेली मी तशी आगाऊ. पहिल्याच आठवड्यात सर्व्हरच्या सेटिंगची मूळ फाइल उघडून त्यातला आकडा बदलायला निघाले.

"थांब वं पोरी! मूळ फाइलीले हात नाही लावायचा. अपडेट आलं का तुह्यं लिहेलं समदं गेलं. बाजूच्या फोल्डरात आपली येगळी फाइल ठेवायची."

त्या फोल्डरमधल्या फाइलींना नंबर असतात. सर्व्हर त्या क्रमाने वाचतो आणि शेवटची सांगेल तेच खरं धरतो. दादांच्या फाइली दहा, वीस करत नव्वदवर थांबल्या होत्या.

"मंग शेवटचा नव्व्याण्णव नंबर काऊन नाही घेतला, दादा?"

"माह्या मांगून येईन त्याले जागा नको का? माह्यं लिहेलं खोडायची पाळी काऊन यावी त्याच्यावर?"

सगळं कॉलेज ज्याच्या बोटांवर चालायचं, त्याने शेवटचा शब्द स्वतःसाठी ठेवलाच नव्हता. एवढा मोठा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

ते गेल्यावर महिन्याभराने, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, इंटरनेटची लाइन बदलली. नव्वदच्या फाइलमधला त्या लाइनचा पत्ता जुना झाला आणि पोरांचे अर्ज अडकले. बाहेरून बोलावलेला तंत्रज्ञ म्हणाला, "सगळं पुसून नवीन टाकू, मॅडम."

दादांची इतक्या वर्षांची मेहनत पुसायची? माझं डोकंच फिरलं. "एक तास द्या मले," म्हटलं आणि बसले. त्यांच्या एकाही ओळीला न शिवता नवा पत्ता वेगळ्या फाइलमध्ये लिहिला, नव्वदच्या पुढचा नंबर दिला, सर्व्हर पुन्हा सुरू केला... अर्ज पुढे सरकले.

तंत्रज्ञ वाकून पडद्याकडे बघत राहिला. "एवढ्यानं झालं?"

"हाव. सोय दादांनीच करून ठेवली होती."

माझ्या फाइलचा नंबर एक्क्याण्णव आहे. नव्व्याण्णव मी रिकामाच ठेवला आहे.