भाड्याचा उंबरठा

माझं काम लोकांच्या दारात उभं राहण्याचं आहे. पनवेलजवळ खांदेश्वरच्या एका लॅबमध्ये मी नोकरी करते, पण लॅब उघडायच्या आधी, सकाळी साडेपाच ते आठ, स्कूटरवरून घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त गोळा करते. बेल दाबायची, एक पाऊल मागे सरायचं आणि दार उघडलं की विचारायचं, "लॅबमधून आलेय. येऊ का आत?" काही घरांत "या या" म्हणतात. काही घरांत चपला कुठे काढायच्या ते बोटाने दाखवतात आणि दाराशीच प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवतात, जशी काही मी रक्ताबरोबर सोफाही घेऊन जाणार आहे. दहा वर्षं हे करतेय. कुठल्या सोसायटीत पाणी किती वाजता जातं, कुणाच्या कपाटामागे ओल आहे, कुठली लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते, हे मला एजंटांपेक्षा जास्त ठाऊक आहे. बढाई वाटली तर वाटू दे. कमावलेली आहे.

हे दारोदार फिरणं मागे लागलं तेही माझ्याच शहाणपणामुळे.

त्या वेळी आमच्याकडे जो तो विमानतळाच्या गोष्टी करायचा. न्हावी, भाजीवाला, लॅबचे डॉक्टर, सगळ्यांचं एकच, "विमानतळ येतोय, उलव्यात आत्ता घ्या, नंतर हळहळाल." माझा नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. स्वभावाने असा की रिक्षालासुद्धा दोनदा विचार करून हात दाखवतो. तो म्हणाला, "इमारतीचा पाया तरी दिसू दे." मी म्हणाले, "पाया दिसेपर्यंत भाव विचारायचीसुद्धा आपली लायकी राहणार नाही." असं म्हणून मीच त्याला बुकिंगला ओढत नेलं. बुकिंगचे पैसे उभे केले ते बँकेचं कर्ज काढून, दोन क्रेडिट कार्डं घासून आणि सासूबाईंच्या पाटल्या तारण ठेवून. सासरे गेल्यावर सासूबाई सातारा सोडून आमच्याकडे आल्या होत्या. पाटल्या त्यांनी आपणहून काढून दिल्या. "घरापायी हाय न्हवं? घे," एवढंच म्हणाल्या.

उलव्यात आमच्या इमारतीच्या जागी खड्डा खणला गेला आणि त्याच्या कडेला विमानाचं चित्र असलेला मोठा फलक लागला. पहिल्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्यात बगळे यायला लागले. तिसऱ्या वर्षी बिल्डरच्या ऑफिसला कुलूप लागलं. तक्रार केली, तारखा पडल्या, अजून पडतायत. विमानतळ एकदाचा आला, विमानं उडतात, आणि आमचे पैसे त्या खड्ड्यात आहेत. सासूबाई मला टोमणा मारायची एकही संधी सोडत नसत. "बगळ्यास्नी फ्लॅट मिळाला बघ. आपला नंबर कवा?" नवरा मात्र एका शब्दाने बोलला नाही, आणि खरं सांगू, त्याचं न बोलणं मला जास्त टोचायचं. भांडला असता तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

म्हणजे बघा, घर नाही आणि घराचं कर्ज मात्र आहे. वर भाडं. आमच्याकडे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. बारावा महिना आला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर त्याच्या मुलाचं लग्न ठरतं आणि त्याला जागा हवी असते. आम्ही खांदेश्वर आणि नव्या पनवेलमध्ये मिळून सात घरं बदलली.

त्यातल्या पहिल्या भाड्याच्या घरात गेलो तेव्हा मी हळदकुंकवाची कोयरी घेऊन उंबरठ्याशी बसले. माझ्या माहेरी रोज सकाळी उंबरठ्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय चहा होत नाही. सासूबाईंनी माझा हात धरला. "आगं, भाड्याच्या उंबऱ्याला वाहायचं न्हाय. त्यो मालकाचा. लक्षुमी त्याच्या घरात जाईल." मी हसले. पण त्या हसत नव्हत्या. कोयरी त्यांनी माझ्या हातातून घेतली, फडक्यात बांधली आणि कपाटात वरच्या खणात ठेवून दिली. त्यानंतर प्रत्येक सामान हलवण्यात ती तशीच बांधलेली जायची आणि तशीच ठेवली जायची. राग यायचा मला. वाटायचं, सासूबाई पाटल्यांचं उट्टं काढतायत.

कर्जाच्या पहिल्या वर्षी दोन हप्ते चुकले. वसुलीवाल्याचा फोन थेट लॅबमध्ये आला आणि तो उचलला डॉक्टरांनी. त्यांनी मान खाली घालून फोन माझ्या हातात दिला. ती शरम मी आजही विसरलेले नाही. त्याच संध्याकाळी दोन्ही कार्डं कात्रीने कापली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हणाले, "घरोघरी जाऊन रक्त आणायचं काम मला द्या. एका घराचे जे काय असतील ते वेगळे द्या." ते म्हणाले, "पहाटे उठावं लागेल." मी म्हणाले, "झोप कुणाला येतेय?"

त्या कामाचा पैसा मी घरात येऊ दिला नाही. ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी कर्जात भरला. नवरा रविवारी एका हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब लिहायला जाऊ लागला. सासूबाईंनी भाजी आणायचं स्वतःकडे घेतलं. बाजार उठता उठता जायच्या आणि उरलेल्या पालकासाठी अशा भांडायच्या की भाजीवाले त्यांना दुरून बघूनच भाव उतरवायचे. लग्नांना जाणं आम्ही जवळजवळ बंद केलं. एका बारशाला माझ्या नणंदेने चारचौघांत विचारलं, "दोघं कमावता, मग पैसा जातो कुठे?" मी म्हणाले, "बगळे पाळलेत. फार खातात." सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही बाई माझ्या बाजूची आहे.

कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. बँकेने 'काही देणं बाकी नाही' असा कागद दिला तेव्हा मी तो तिथेच काउंटरसमोर उभी राहून तीनदा वाचला. मग पाटल्या सोडवल्या. घरी येऊन सासूबाईंच्या हातात ठेवल्या, तर त्यांनी त्या तळव्यावर तोलल्या आणि म्हणाल्या, "हलक्या झाल्यात जणू." मी भडकले. सहा वर्षं रक्ताचं पाणी केलं आणि हे ऐकायचं? पण त्यांनी माझाच हात ओढला आणि पाटल्या मला घातल्या. "आता तू घाल. तू सोडवल्यास." मला रडू आलं आणि ते लपवायला मी उगाच कुकर लावायला आत गेले.

त्यानंतर जे हप्त्यात जात होतं ते साठायला लागलं. सवय झालेली होती, त्यामुळे फारसं जड गेलं नाही. जड गेलं ते घर बघणं. नव्या इमारतीचा नमुना फ्लॅट बघितला की मी आधी खिडकीतून वाकून खाली बघायचे. तिथे एजंट गोड बोलायला लागला की मला बगळे दिसायचे.

आणि मग काका, माझे एक जुने पेशंट. खांदेश्वर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, एकटे, साखरेचा आजार, आणि तोंडाने फटकळ. त्यांची शीर चटकन सापडायची नाही. माझ्या आधी जाणाऱ्या लॅबच्या मुलाने तीनदा टोचून त्यांचा हात काळानिळा केला होता, म्हणून लॅबने मला पाठवलं. मला एका फटक्यात सापडली. तेव्हापासून ते म्हणायचे, "सिस्टरच येऊ दे, नाहीतर साखर वाढली तरी चालेल." आठ वर्षं दर महिन्याला मी त्यांच्याकडे जात होते.

एका सकाळी दंडाला रबरी पट्टा बांधत असताना ते म्हणाले, "घर विकतोय. मुलीकडे नाशिकला चाललो. तू शंभर घरं बघतेस, माझ्या घरात खोट काय ते सांग. एजंट म्हणतो एकदम टकाटक आहे."

मी सुई टोचून मग बोलले, म्हणजे त्यांना हलता येऊ नये. "बेडरूमच्या कपाटामागे ओल आहे. वरच्यांच्या बाथरूमचा पाइप गळतोय. न्हाणीघराची फरशी उखडावी लागेल. दुपारी पश्चिमेचं ऊन येतं. आणि लिफ्ट नाही." काकांचा चेहरा पडला. मी ट्यूब भरली, कापूस दाबला आणि म्हणाले, "पण मला हवंय."

"तुला परवडेल?"

"ओलीचा खर्च वजा करा, मग परवडेल."

"एक पार्टी तुझ्यापेक्षा जास्त द्यायला तयार आहे, आणि तू वर भाव पाडतेस?"

"भाव न करता एकदा घेतलंय, काका. अजून खड्डाच आहे." मग मी त्यांना उलव्याचं सगळं सांगितलं. आठ वर्षांत मी त्यांच्याकडे नाव आणि साखर याशिवाय काही बोलले नव्हते.

त्यांनी कापूस उचलून टोचलेली जागा बघितली. म्हणाले, "बाकीचे खोट काढतात भाव पाडून मागायला. तू आधी खोट सांगितलीस, मग हवंय म्हणालीस. दीड महिना थांबतो. त्या वर एक दिवस नाही."

दीड महिना. बँकेने गृहकर्ज दिलं तरच. आणि माझ्या नावावर ते चुकलेले दोन हप्ते होते. बँकेत मॅडम कॉम्प्युटरकडे बघत होत्या तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते. इतक्या लोकांना मी सांगते, हात सैल सोडा, काही होत नाही. माझाच हात सैल सुटेना. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला दोनदा उशीर दिसतोय. पण त्यानंतर एकही नाही. स्कोअर उत्तम आहे." मला दहावीच्या निकालाला असा आनंद झाला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात मुद्रांक शुल्काला पैसे कमी पडले. सासूबाई म्हणाल्या, "पाटल्या हायत की." मी म्हणाले, "आई, या पाटल्या परत बँकेची पायरी चढणार नाहीत. पुन्हा हे काढायचं नाही." त्यांना मी इतक्या जोरात कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी नवरा कामावरून चालत घरी आला. कामावर जायची मोटरसायकल विकून टाकली होती. "कंपनीची बस आहे की," म्हणाला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. रिक्षाला दोनदा विचार करणारा माणूस. मी त्याला विचारलं, उलव्याचं तू मला कधी बोलला का नाहीस? तो म्हणाला, "सही माझीही होती ना."

काकांनी चाव्या दिल्या आणि नाशिकला जायच्या आधी पंधरा दिवस पुतण्याकडे राहायला गेले. आम्ही ओल काढून घेतली, रंग दिला आणि एका टेम्पोत आमचं सात घरं फिरलेलं सामान आठव्या घरात आणलं. टेम्पोवाल्याने सवयीने विचारलं, "अकरा महिने?" मी त्याला वीस रुपये जास्त दिले आणि म्हणाले, "आता मला विसर."

पहिल्या सकाळी मी कामाला सुट्टी घेतली होती. तरी सवयीने पाचला जाग आली. सासूबाई माझ्याआधी उठल्या होत्या. कपाट लावून झालं नव्हतं, तरी कोयरी फडक्यातून सोडून, घासून, हळदकुंकू भरून त्यांनी उंबरठ्याशी ठेवली होती. मी अंघोळ करून आले, उंबरठा पुसला, दोन बोटं रांगोळी काढली आणि हळदकुंकू वाहिलं. दहा वर्षांनी.

तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर काका. हातात औषधांची पिशवी, जाण्याआधीची शेवटची तपासणी करून घ्यायला आलेले. अठरा वर्षं या घरात राहिलेला माणूस, पण चपला बाहेर काढून, बेल दाबून एक पाऊल मागे सरून उभा होता.

"सिस्टर, उपाशीपोटी आलोय," ते म्हणाले. "येऊ का आत?"

दहा वर्षं रोज सकाळी मी हा प्रश्न लोकांच्या दारात विचारत आले. मला कुणी तो विचारल्याची ती पहिली वेळ. माझा आवाज चढला. असं काही झालं की तो चढतो, हा माझा जुना दोष आहे.

"या," मी म्हणाले, "पण उंबरठ्यावर पाय देऊ नका. आत्ताच हळदकुंकू वाहिलंय."