दाजींचे जळके वूफर

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतका हेकट माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. पारनेर रस्त्याला त्यांचं गाड्यांच्या साउंडचं दुकान. डिकीत वूफर, म्हणजे दणक्याचा मोठा स्पीकर, बसवून झाला की हे त्याच्या खोक्यावर तळहात टेकून डोळे मिटायचे. "पोटात गुडगुडलं पायजे, मंग खरं," हे त्यांचं सगळं शास्त्र. तेवढ्या भांडवलावर हा माणूस गिऱ्हाइकांना अक्कल शिकवायचा. मी त्यांच्याकडे कामाला, म्हणजे माझा पाणउतारा तर रोजचाच.

वूफर जेवढे वॅट सतत पचवतो, तेवढे ॲम्पने, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राने, स्वच्छ द्यावेत, एवढा साधा मेळ. पण दाजी ॲम्पच्या पुठ्ठ्यावर ठळक छापलेला फुगवलेला आकडा बघून थोरला वूफर आणि बारका ॲम्प अशी जोडी लावून द्यायचे. ॲम्प कमी पडतोय म्हटलं, की गेन वाढव म्हणायचे. गेन म्हणजे ॲम्पवरचा एक छोटा स्क्रू. तो शेवटपर्यंत पिळला की आवाज नुसता फाटतो, आणि फाटक्या आवाजाने वूफरच्या आतली तारेची कॉइल तापून जळते. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, पण ऐकतंय कोण!

राळेगणकडचा एक दूधवाला होता. त्याच्या बोलेरोतला वूफर जळून परत आला, तेव्हा दाजींनी चारचौघांत मला फैलावर घेतलं. म्हणे, वायरिंग याने चुकवलं. नवा बसवला, तोही जळला. दुकानभर जळक्या कॉइलचा घाण वास आणि वर दाजींच्या शिव्या. हळूहळू सगळीकडे बोभाटा झाला, की या मेव्हण्याच्या हाताला गुण नाही. लोक माझ्या हातात गाडी द्यायला कचरायला लागले. मला तर आयुष्यभर हेच काम करायचं होतं.

दूधवाला पुन्हा आला. दाजींनी गेन पिळला. आवाज असा टरटर फाटत होता की त्या बिचाऱ्याने कानांवर हात ठेवले, आणि दाजी मात्र खोक्यावर हात टेकून खुशीत मान डोलवत होते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्षानुवर्षं मोठ्याने वाजवून यांचे कान गेले होते. वूफरचा दणका अंगाला लागत होता, फाटलेलं ऐकूच येत नव्हतं. गिऱ्हाईक गेल्यावर मी तसं त्यांच्या तोंडावर ओरडून सांगितलं.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "लई दिस झालं."

"मग माझ्या नावाने का बोंब मारत होता?"

त्यांनी पक्कड उचलून पुसायला घेतली. मग म्हणाले, "बहिऱ्याकडनं साउंड कोन बसवून घेईल रे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं झाकायला माझं नाव मातीत घालायचं? लगेचच मी नगरच्या सावेडीत वेगळं दुकान टाकलं. ताई रडली. दाजींनी अडवलं नाही.

काही महिन्यांनी त्यांचे फोन सुरू झाले. हॅलो नाही की काही नाही, मोबाईल थेट वूफरजवळ धरलेला. फोनवर दणका येत नाही, पण फाटलेलं मला बरोबर कळतं, हे त्या बेरकी माणसाने हुडकून काढलं होतं. त्यांना ऐकू जावं म्हणून मला घसा फोडून ओरडावं लागतं, "कमी करा! अजून कमी!" माझी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत राहतात. आवाज स्वच्छ झाला की मी बस्स म्हणतो, आणि ते फोन ठेवतात. आभार वगैरे त्यांच्या रक्तातच नाही. वूफर जळायचे थांबले, त्याचंही कौतुक तेच घेतात म्हणे. संताप येतो नुसता.

परवा ताई आली. म्हणाली, दाजी दुकान बंद करायचं म्हणतायत. धंदा तर बरा चाललाय, मग का, असं मी विचारलं.

"मला म्हनले, त्यो तरी किती दिस फोन उचलील?"

मी हातातली वायर खाली ठेवली.

"त्यांना सांग, दुकान गुमान उघडं ठेवा म्हणावं. मी मरेपर्यंत फोन उचलीन, आणि मरेपर्यंत शिव्या घालीन."