शालनबाईंचा ताप

शालनबाई रावेतला नांदायला आल्या, तेव्हा सासऱ्यांनी मळा दाखवत सांगितलं होतं, "मानमोडीच्या साथीत माझं दोन चुलतं एकाच आठवड्यात गेलं. म्हणून ही जमीन एका नावावर आली." मानमोडी म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा इन्फ्लुएंझा. शालनबाईंना त्या मातीची आधी भीतीच वाटायची. पण पुढं जन्मभर त्यांनी तिथंच मेथी-कोथिंबीर पिकवली आणि थेरगावच्या बाजारात बसून विकली.

यंदा पावसाळा सरताना त्यांचे यजमान लक्ष्मणराव तापानं पडले. तपासणीत स्वाइन फ्लू निघाला. दोन हजार नऊ साली ज्या तापानं सगळं पुणं तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं, तोच. मुलगा रणजीतनं त्यांना वाकडच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. मळा बिल्डरला द्यायचा ठरला होता. सोमवारी रजिस्ट्री होती आणि सही लक्ष्मणरावांची लागणार होती.

दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांच्या उशाशी शालनबाईच बसून होत्या. त्यांनाही ताप भरला.

डॉक्टरांनी रणजीतला बजावलं, "घरात कुणाला ताप, खोकला असेल तर लगेच घेऊन या. या वयात थांबून चालत नाही."

रणजीतनं मान हलवली.

घरी आई म्हणाली, "मलाबी ने रं दवाखान्यात. श्वास पुरंना झालाय."

"सोमवार होऊ दे, आई. तू आजारी हायस कळलं तर आबा तुझ्या खाटंजवळनं हलायचे न्हाईत."

त्याची बायको जयमाला म्हणाली, "अहो, ओठ निळे पडलेत त्यांचे."

"तापाची गोळी दे."

तिनं गोळी दिली. दुसऱ्या दिवशीही गोळीच दिली.

सोमवारी उजाडताना शालनबाई गेल्या. रणजीतनं खोलीचं दार ओढून घेतलं. "मी येईपर्यंत कुणाला बोलायचं न्हाई," असं बायकोला सांगून तो वाकडला गेला. वडिलांचा डिस्चार्ज घेऊन त्यानं त्यांना गाडीत बसवलं.

लक्ष्मणराव म्हणाले, "आधी घरी चल. शालनला बघतो, मग सही."

"लोक थांबल्यात तिथं, आबा."

"परवा फोनवर खोकत व्हती. ताप-बिप न्हाई ना तिला?"

रणजीत रस्त्याकडं बघत होता. "व्हता जरासा. उतरला आता."

"मंग चल," म्हातारा म्हणाला. त्यांनी सही केली, अंगठा दिला, बिल्डरच्या माणसानं पुढं केलेला पेढाही खाल्ला.

घरी पोचले तर खोलीचं दार बंदच होतं. रणजीतनं आत जाऊन बघितल्यासारखं केलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "आई गेली, आबा. आत्ताच."

शेजारची कस्तुरा आंघोळ घालायला आली. तिनं शालनबाईंचा हात सरळ करून पाहिला, तो होईना. "आत्ता कुठली? अंग पार ताठलंय. सकाळीच गेली ही."

लक्ष्मणरावांनी सुनेकडं पाहिलं. तिनं पदर तोंडात धरून मान डोलावली.

पवना नदीकाठच्या स्मशानात रणजीतनं पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं, तेव्हा लक्ष्मणराव पुढं आले. "दे हिकडं. तू हात लावू नको."

मडकं घेऊन ते सरणाभोवती निघाले. आजारातनं उठलेलं अंग. अर्धी फेरी झाली आणि ते खोकत खाली बसले. लोकांनी त्यांना धरून बाजूला नेलं. मडकं कुणीतरी उचलून रणजीतच्या खांद्यावर ठेवलं. त्यानं फेऱ्या पुऱ्या केल्या आणि अग्नी दिला.