बायकांच्या वर्गातलं बीजगणित

आम्ही जुन्या वर्गमैत्रिणी भेटलो की हिरेमठ मास्तरांच्या बीजगणिताचे किस्से निघतात. एक सांगायला घ्यावा, तर दुसरी म्हणते, "अगं तो नव्हे, आधी इन्स्पेक्टरचा!" इतकी वर्षं झाली, तरी दरवेळी एखादा नवाच बाहेर पडतो. एवढं बीजगणित मात्र कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

सोलापुरात मिलचा दुपारचा भोंगा झाला की आमचा वर्ग भरायचा. सगळ्या संसारी, नाहीतर संसार संपलेल्या बायका. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं तर परीक्षा, आणि परीक्षेत बीजगणित. मास्तर अक्कलकोटकडचे. मराठी अगदी शुद्ध, पण चिडले की कानडी.

* * *

पहिल्याच दिवशी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, ३अ + २ब. "बेरीज करा."

पुढच्या बाकावर कुंभारीच्या गंगूबाई. नवरा गेल्यावर शहरात मावशीकडे राहून शिकत होत्या. म्हणाल्या, "पाच."

"पाच काय?"

"पाच अब."

मास्तरांनी डोळे मिटले. मग शांतपणे म्हणाले, "बाई, अ म्हणजे ज्वारी समजा. ब म्हणजे तूर. तीन पायली ज्वारी आणि दोन पायली तूर आहे. एकत्र करा बघू."

"कशाला? निवडत कोण बसंल?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "झालं. हेच उत्तर!"

* * *

नरसम्मा विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, वर्गात मराठी, आणि गणितात दोन्ही बंद. ४क्ष − क्ष याचं उत्तर तिनं दिलं, "चार. क्ष गेला, चार राहिले."

मास्तर म्हणाले, "असं बघा, तुमच्या घरी चार माग आहेत. त्यातला एक तुम्ही मोडलात. काय राहील?"

नरसम्मानं बराच विचार केला.

"सासूबाईंची बोलणी."

* * *

मी माहेरी राहायची आणि मोठ्यानं म्हणत गणितं करायची. एकदा फारच लांबलचक उदाहरण होतं. सारखी पदं गोळा करता करता सगळी एकमेकांत उडाली. मी आनंदानं ओरडले, "आलं! शून्य आलं!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एवढा वेळ बसून शून्य?"

"हो."

"मग भाकऱ्या तरी केल्या असत्यास!"

* * *

क्ष आणि क्षचा वर्ग यांची बेरीज होत नाही, हे नरसम्माला पटेना. "दोघं एकाच घरातले की, मास्तर!"

मास्तर समजावून थकले. "अय्यो, बाई, त्याच्या डोक्यावर दोन आहे, दिसत नाही का?"

गंगूबाई तिच्याकडे वळल्या. "डोक्यावर कायतरी चढलं की घरचं माणूस बी वळख देत न्हाय. आमचा चुलतभाऊ पोलीसपाटील झाला तवाच मला कळलं."

नरसम्मानं मान डोलावली आणि वहीत उतरवून घेतलं.

* * *

मग इन्स्पेक्टरसाहेब आले. डोक्यावर हॅट, हातात छडी. मास्तरांनी आदल्या दिवशी आमच्याकडून व्याख्या घोकून घेतली होती. साहेबांनी नेमकं गंगूबाईंनाच उठवलं.

"सजातीय पदं म्हणजे काय?"

गंगूबाई घोकलेलं विसरल्या. "ज्यांचा आपापसात मेळ जमतो ती."

"आणि विजातीय?"

"त्यांना शेजारी शेजारी हुबं करायचं. मदी अधिकाचं चिन्ह घालायचं. पण एका पंगतीला बसवायचं न्हाय."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर म्हणाले, "बीजगणितापुरतं बरोबर आहे, साहेब."

* * *

परीक्षा जवळ आली तेव्हाची गोष्ट. गंगूबाई फळ्यापाशी उभ्या होत्या आणि दारात त्यांचे दीर येऊन उभे राहिले. बाहेर बैलगाडी.

"वैनी, चला. रान काढणीला आलंय. शिक्षान लई झालं."

मास्तर पुढे व्हायला लागले, पण गंगूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "थांबा भावजी, एवढं संपवू द्या." फळ्यावर होतं, ७अ + ३ब − २अ + ब. त्यांनी अ एकीकडे घेतले, ब एकीकडे घेतले. खाली लिहिलं, ५अ + ४ब.

दीर चार यत्ता शिकलेले. ते दोन पावलं आत आले. "चार कसं झालं? तीनच हाइत की. ह्या शेवटच्या 'ब'ला आकडा कुटं हाय?"

"आकडा नसला तरी एक धरायचा असतो, भावजी."

दीर फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आनि नुसता 'अ' असला तर?"

"त्यो बी एकच."

त्यांनी मुंडासं नीट केलं. "काढनी आमी बगतो," म्हणाले आणि गाडी रिकामीच घेऊन गेले.

पुढच्या बाजारच्या दिवशी मिलचा भोंगा झाला आणि दीर पुन्हा दारात. पण या खेपेला बैलगाडी नव्हती. काखेत पाटी होती.

मास्तर अवघडले. "अहो, हा बायकांचा वर्ग आहे."

"व्हय की. मी हितं भाईर बसतो."

आणि ते खरंच उंबऱ्याच्या पलीकडे मांडी घालून बसले. गंगूबाई उठल्या, फळा जरासा दाराकडे वळवला आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या.