एक जूनवाले हात वर करा

“मॅडम, तुमच्या कॅलेंडरमध्ये बग आहे. अर्ध्या पेशंटची जन्मतारीख एक जून आलीय.”

सौरभचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. सौरभ पुण्याच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. लातूरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलची वेबसाइट त्यांच्याकडे होती आणि तिच्यातलं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाव नोंदवायचं पान माझ्याकडे. मी नांदेडला राहते, घरूनच काम करते.

बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. सौरभ ज्याला कॅलेंडर म्हणत होता त्याला आमच्या धंद्यात डेट पिकर म्हणतात. तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं की ते उघडतं, तारीख टाइप करत बसावं लागत नाही. आधीचा डेट पिकर दिसायला देखणा पण वजनाला भारी होता. म्हणजे त्याच्यासोबत इतका कोड यायचा की उदगीरच्या नोंदणी केंद्रावरचा जुना फोन तिथंच बसकण मारायचा. शिवाय तो चालू महिन्यावर उघडायचा. सत्तरीच्या माणसाचं जन्मवर्ष गाठायला एकेक महिना मागं जायचं! केंद्रावर नोंदणी करणाऱ्या शिवकांताताई म्हणाल्या होत्या, “मॅडम, बाण दाबू दाबू बोट दुखून राहिलंय. तोवर पेशंटला झोप लागती.”

म्हणून मी तो काढून टाकला आणि स्वतः एक हलका लिहिला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. काम खलास. खरं सांगायचं तर मला त्याचा भारी अभिमान होता, त्यामुळे सौरभचं बोलणं झोंबलं.

“एक जून डिफॉल्ट पडतोय,” तो म्हणाला. डिफॉल्ट म्हणजे आपण काहीच निवडलं नाही तर आपोआप पडणारं उत्तर. “इतक्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी असणं शक्यच नाही. मी त्या सगळ्या नोंदी रद्द केल्यात. परत भरून घ्या.”

“मला न विचारता रद्द केल्या?”

“ऑपरेशनची लिस्ट संध्याकाळी लॉक होते मॅडम. चुकीचा डेटा हॉस्पिटलला कसा देणार?”

ताट बाजूला सारून मी कोड उघडला. राग कितीही आला तरी आधी आपलं घर तपासावं. डिफॉल्ट कुठेही नव्हता. चौकट रिकामी ठेवली तर पान पुढं सरकतच नव्हतं. मग एक जून येतोय कुठून? मी डोकं खाजवत असतानाच शिवकांताताईंचा फोन आला.

“मॅडम, यादीतून लई नावं गेली. महादेवप्पांचं बी न्हाई. उद्या सकाळी हॉस्पिटलची गाडी येती. यादीत नाव नसलं की डायवर चढू देत न्हाई.”

महादेवप्पा मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, जुने आडते. मूठभर तूर तळहातावर घेऊन, नुसती बघून तिचा भाव सांगायचे. आता सून त्यांना हाताला धरून केंद्रावर आणायची. एक डोळा कधीचाच गेलेला आणि उरलेल्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. पुढची गाडी महिन्यानं.

“ताई, त्यांची जन्मतारीख काय होती?”

“एक जून.”

“ती आपोआप पडली, का तुम्ही टाकली?”

“म्याच टाकली की! त्यांच्या कार्डावर तीच हाय. जुन्या माणसायची समद्यांची तीच असती. शाळा जूनमधी उघडायची. मास्तर पोराला डोक्यावरून हात घालून कान धरायला लावायचे. हात पुरला की पोरगं सहा वर्षांचं झालं, लिव्ह एक जून. तुमच्या वडलांची कोणती हाय?”

मी कपाळावर हात मारला. आमच्या बाबांची एक जूनच! ते रिटायर झाले तेव्हा भोकरच्या त्यांच्या ऑफिसात एकाच दिवशी हारांची टोपली मागवली होती, कारण बरोबरीचे सगळेच रिटायर होत होते. काखेत कळसा अन् मी कोडला वळसा घालत बसलेली.

सौरभला सांगितलं. त्याला पटेना. “सगळेच? मॅडम, काहीतरी लॉजिक हवं ना.”

“लॉजिक आहे. शाळा जूनमध्ये उघडते.”

“हॉस्पिटलला मी असं सांगू?”

मग मी दोघांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं. शिवकांताताईंनी फोन उंच धरला. बाकांवर म्हातारी माणसं, पटके, पदर, हातात पाण्याच्या बाटल्या. ताई खड्या आवाजात म्हणाल्या, “एक जूनवाले हात वर करा!”

हातच हात वर झाले. चहावाल्यानंही किटली खाली ठेवून हात वर केला. कोपऱ्यातून महादेवप्पांचा आवाज आला, “मला काय दिसंना ताई, पर माझा बी हात वर हाय बघा.”

सौरभ म्हणाला, “सॉरी मॅडम. नोंदी पुसलेल्या नाहीत, नुसत्या बाजूला ठेवल्यात. परत आणतो.” लिस्ट लॉक व्हायच्या आत सगळी नावं जागेवर आली. सौरभ मुळात वाईट नाही, फक्त त्याच्या घरी सगळ्यांचे वाढदिवस वेगवेगळे आहेत.

दुसऱ्या दिवशी महादेवप्पा गाडीत बसले. ऑपरेशन नीट झालं.

पुढं मी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना सहज विचारलं की पेशंटची जन्मतारीख तुम्हाला लागते कशाला. त्या म्हणाल्या, “मला वय कळलं की झालं. तारीख तुम्हीच मागता, मला वाटलं कॉम्प्युटरला लागत असेल.”

मी त्याच दिवशी माझा लाडका डेट पिकर काढून टाकला. आता तिथं आम्ही फक्त जन्मवर्ष विचारतो. त्याहून हलकं मला आजवर काही लिहिता आलेलं नाही.

पट्टी काढल्यानंतर महादेवप्पा सुनेचा हात न धरता केंद्रावर आले, शिवकांताताईंकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “तू व्हय ती! मला वाटलं कुणी म्हातारी असंल.” हे सांगताना ताई फोनवर हसत होत्या. माझे मात्र डोळे भरून आले.