बबनचा मडफ्लॅप

ही हकिकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात कुणी अनुभव विचारला की मी बर्फातल्या गोष्टी सांगायचो, नगरच्या छावणीतल्या अ‍ॅम्ब्युलन्सची नाही. लान्स नायक बबन सुरवसे बेदरकार गाडी चालवायचा, असं युनिटमध्ये बोललं गेलं. पुढे ते त्याच्या गावी, खर्ड्यालाही पोचलं. ते खोटं आहे आणि ते माझ्या तोंडून निघालं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. बबन ड्रायव्हर. त्या अ‍ॅम्ब्युलन्सला मागे लोखंडी पाट्यांऐवजी कॉइल, म्हणजे वेटोळ्याच्या, स्प्रिंगा होत्या. अशा स्प्रिंगेच्या वर आणि खाली जाड रबर बसवतात, लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून. ती रबरं झिजली होती.

"उस्ताद, गाडी मागून कण्हती. रबरं बदला की," बबन म्हणाला होता.

नवी रबरं स्टोअरमध्ये होती. पण इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं आणि इन्स्पेक्शनआधी सगळं चमकवायची आमची रीत. मी स्प्रिंगा उतरवल्याच नाहीत. जुन्या रबरांना इंजिन ऑइल चोळलं. ती काळीभोर, नव्यासारखी दिसली. गाडी पास झाली. तेलाने रबर फुगतं आणि कुजतं, हे मला ठाऊक होतं. नंतर बदलू म्हटलं आणि राहून गेलं.

पुढे फायरिंग रेंजवर एक नायक रणगाड्यावरून पाठीवर पडला. नर्सिंग असिस्टंटने त्याला स्ट्रेचरला बांधलं. "मणका दुखावलाय. धक्का लागता कामा नये." मी बबनच्या शेजारी बसलो. अर्ध्या वाटेत मागून ठण्ण आवाज आला आणि पेशंट ओरडला. मग प्रत्येक खड्ड्याला तेच.

गाडीतल्या वायरलेसवर हुकूम आला, "अ‍ॅम्ब्युलन्स, रुकना नहीं. ओव्हर."

बबनने ब्रेक दाबला. "असं नेलं तर मणका मोडंल त्याचा."

स्ट्रेचर बाभळीखाली उतरवलं. जॅक लावला, चाक काढलं, शॉकअपचा बोल्ट सोडला. अ‍ॅक्सल खाली आला तशी स्प्रिंग हातात आली. वरच्या रबराचा चिखल झाला होता. बबनने तो चिमटीत घेतला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"चाकू हाय का?" एवढंच म्हणाला.

त्याने मागचा मडफ्लॅप, चाकामागचा चिखल अडवणारा रबरी पडदा, कापला, दुहेरी करून रबराच्या जागी बसवला. आम्ही निघालो. बबनने बैलगाडीच्या चालीने गाडी काढली. पहिला खड्डा आला. मी डोळे मिटले. आवाज आला नाही. दुसऱ्यालाही नाही.

मागून नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "कळा थांबल्या. झोपला."

"बगा उस्ताद," बबन हसला, "लेकरावानी निजलाय. आता तुमी तरी डोळे उघडा."

हॉस्पिटलात पेशंटने पायाची बोटं हलवली. मी बाहेर येऊन पायरीवरच बसलो. तो पुढे चालत युनिटला परतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही बाजूंची वरची-खालची रबरं बदलली. स्प्रिंग जिथे टेकते त्या खाचेचा गंज खरवडला, स्प्रिंगेचं टोक तिच्यात नीट बसवलं. गाडी गप्प झाली.

मग चौकशी. हुकूम मोडून गाडी थांबवली, सरकारी मडफ्लॅप कापला. मेजरसाहेबांनी मला विचारलं, "रबर कशानं तुटलं?"

मी म्हणालो, "गाडी जोरात असेल, साहेब."

बबन शेजारी सावधानमध्ये उभा होता. त्याने तेलाचं नाव काढलं नाही. त्याची रजा रद्द झाली. मुलीच्या बारशाला त्याला जाता आलं नाही.

गेल्या महिन्यात मी खर्ड्याला गेलो आणि त्याच मुलीला हे सगळं सांगितलं. तिने मला चहा दिला. मग म्हणाली, "म्हंजी पप्पा हळू चालवायचे?"

"पेशंटला झोप लागेल इतकी हळू, पोरी."

ती हसली. बबनसारखीच. परतीच्या एसटीत मीही झोपलो. दिवसा अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

बबनची पुढे उत्तरेत बदली झाली आणि तिथेच तो दरडीखाली सापडून वारला, गाडीच्या स्टिअरिंगवर. त्या बदलीला निघाला तेव्हा मी नगर स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. खिडकीतून तो म्हणाला, "उस्ताद, माझ्या मागं रबराला तेल चोळू नका, आं!"

'चुकलं माझं,' एवढंच म्हणायचं होतं. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो आणि म्हणालो, "पोचल्यावर पत्र टाक."