बारा पिल्लांची मानमोडी

आता हसू नका हं, पण त्या दुपारी मला आधी खटकली ती शांतता. खोक्यातून चिवचिव येईना!

खोकं कसलं? सांगते. आमच्या बोरीवलीत तरुणांना शेती शिकवणारं एक मंडळ होतं. ऐंशीच्या दशकात शेतांवर इमारती उठल्या, शेतकऱ्यांची मुलं कमी झाली, तेव्हा कुठे मंडळाला मुली आठवल्या. त्याही चाचणी म्हणून! पहिली मी. बी.ए.ला असलेली, झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी!

कार्यवाह राणेसरांनी मला खोक्यात घालून कोंबडीची बारा पिल्लं दिली. "रविवारच्या प्रदर्शनापर्यंत जगव. जगली, तर पुढच्या वर्षीही मुली घेऊ."

म्हणजे अख्ख्या मुलीजातीची अब्रू आमच्या गॅलरीत, उबेसाठी लावलेल्या चाळीस वॉटच्या बल्बखाली!

मी वाकून पाहिलं. बाराच्या बारा आडवी! माना लांब, पाय मागे ताणलेले, डोळे मिटलेले. मंडळाच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलं होतं : मान टाकली की मानमोडी, भयंकर साथ, हात लावू नये, ताबडतोब कळवावे. मी कशाला लावतेय हात?

"आई गं! सगळी गेली! साथ आली!"

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

शेजाऱ्यांनी ऐकलंच होतं. सावंतकाकूंनी पाण्याचं पिंप झाकलं. "माका वाटलाच हुता!" तळमजल्यापर्यंत लोकांच्या नाकाला रुमाल!

इमारतीत फोन एकच, शहाभाभींकडे. त्यांनी मला दारातच अडवलं. "अंदर नको येऊ हां! नंबर बोल, मी फिरवते." आणि खिडकीच्या गजांतून रिसीव्हर बाहेर दिला.

घंटी वाजतेय, वाजतेय. कुणी उचलेना. माझ्या डोळ्यांसमोर प्रदर्शन : रिकामं खोकं, वर पाटी 'मुलींचा विभाग', आणि समोर रांगेने हसणारी मुलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सर, उचला ना हो! तेवढ्यात आईसुद्धा खोकं उचलून माझ्या मागे येऊन उभी राहिली. साथ घरात ठेवायला ती तयार नव्हती.

"हॅलो, राणे बोलतोय."

मी एका दमात सुटले. "सर, बाराही मेली! मानमोडी! चूक माझीच! मुलींना घेऊच नका सर, कधीच घेऊ नका!"



"अगं बाई, पोट भरलं की पिल्लं अशीच पसरून झोपतात. हात लावून तरी बघायचंस! आता मला एवढंच सांग, मेलेली पिल्लं तुझ्या मागे इतकी कोकलतायत कशी?"